जरा हुंगून बघ गं

भिंगरीच्या घरात माणसं पाच आणि नाक एकच. बाकीच्या चौघांच्या तोंडावरही नाकासारखं काहीतरी होतं, नाही असं नाही. आजोबांचं तर चांगलं धारदार, चष्मा टेकवायला अगदी सोयीचं. पण त्या नाकांनी वास घ्यायचा असतो हे कुणाच्या गावीच नव्हतं. वास घेणं हे आईचं काम.

सकाळी आई ओट्याशी उभी असायची. एक हात डब्यात भाजी भरत असायचा, दुसरा केसांवर जाळी बसवत असायचा. तेवढ्यात बाबा बनियनवर यायचे, हातात कालचा शर्ट घेऊन, आणि तो आईच्या तोंडासमोर धरायचे. कॉलर नाही, बाही नाही, बरोबर काखेची जागा. म्हणायचे, "जरा हुंगून बघ गं. आजचा दिवस निघेल?" आई हात न थांबवता मान पुढे करायची, हुंगायची आणि निकाल द्यायची. त्यांच्या मागे आजोबा, कालच्या डाळीची वाटी घेऊन. त्यांच्या मागे धाकटा. तो पहिलीत होता आणि त्याच्याकडे एवढाही धीर नव्हता; तो मोजे सरळ आईच्या खांद्यावर टाकायचा आणि कुठला धुतलेला ते सांग म्हणायचा.

हे सगळं भिंगरीने जन्मापासून पाहिलेलं. पण नववीत आल्यावर, म्हणजे वादविवाद स्पर्धेत पहिला नंबर आल्यावर, तिला एकाएकी डोळे फुटले, असं निदान तिचं स्वतःचं मत होतं. एका सकाळी तिने पाहिलं की आई बाबांचा शर्ट हुंगते आणि पोहोचायला उशीर होईल म्हणून लगेच त्याच तोंडाने उभ्या उभ्या पाव खाते. भिंगरीला इतकं मळमळलं की तिने दूध तसंच ठेवलं. शी. काय माणसं आहेत ही.

गंमत म्हणजे आईची नोकरीही नाकाचीच होती. गावाबाहेरच्या दूध डेअरीत ती धक्क्यावर उभी राहायची. सकाळी दूधवाल्यांच्या गाड्या धक्क्याला लागायच्या आणि कॅनची रांग सुरू व्हायची. आईने कॅनचं झाकण उचलायचं, उलटं करायचं आणि लगेच नाकाशी न्यायचं, कारण सगळा वास झाकणाच्या पोटात साठलेला असतो आणि उघडल्यावर क्षणात उडून जातो. दूध आंबायला लागलंय का, कॅनमध्ये आधी रॉकेल होतं का, गाय काही भलतंसलतं चरून आलीय का, हे सगळं त्या एका श्वासात कळायला हवं. कारण पुढे सगळं दूध एकाच टाकीत जातं. एक आंबलेला कॅन आत गेला की अख्खी टाकी नासली. म्हणून धक्क्यावरच्या बायकांना कडक नियम. पावडर नाही, वासाचा साबण नाही, वासाचं तेल नाही, ड्युटीआधी कच्चा कांदा नाही. आणि सर्दी झाली तर लपवायची नाही, सरळ सांगायचं आणि बरं होईपर्यंत कॅन धुवायच्या विभागात जायचं.

अडचण इथेच होती. कॅन धुवायचं काम दुपारी सुरू व्हायचं आणि रात्री संपायचं. धक्क्याचं काम सकाळचं. आई दुपारी घरी असायची, धाकट्याला शाळेतून आणायची, आजोबांना औषध द्यायची, स्वयंपाक करायची, सगळं पार पडायचं. त्या सकाळच्या पाळीच्या खिळ्यावर अख्खं घर टांगलेलं होतं, आणि खिळा भिंतीत कुणी ठोकला हे कुणाला आठवतही नव्हतं. कधी चहा उशिरा झाला की बाबा अगदी गोड आवाजात म्हणायचे, झेपत नसेल तर सोड ना, कुणी जबरदस्ती केलीय का. तो गोड आवाज ऐकला की भिंगरीच्या अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. कारण तिला माहीत होतं आणि आईलाही माहीत होतं, की ज्या दिवशी सकाळची पाळी जाईल त्या दिवशी त्या आवाजातला गोडवा जाईल आणि फक्त 'सोड' उरेल.

आणि आईला ती नोकरी सोडायची नव्हती. धक्क्यावर तिला नाकवाली म्हणायचे. अडलंनडलं की दुसऱ्या रांगेतल्या बायका झाकण घेऊन तिच्याकडे यायच्या. घरीही सगळे काही ना काही घेऊन यायचेच म्हणा, पण तिकडे ते विचारायला यायचे आणि इकडे टाकायला. एवढा फरक आईच्या चालीत दिसायचा. डेअरीकडे जाताना ती झपझप जायची.

तर धाकट्याने शाळेतून सर्दी आणली. आपलं नाक त्याने नेहमीप्रमाणे आईच्या ओढणीला पुसलं, दोन दिवसांत बरा होऊन उड्या मारायला लागला, आणि सर्दी आईकडे मुक्कामाला आली. आईने नियमाप्रमाणे सांगायला हवं होतं. पण त्याआधी धाकट्याला गोवर आला होता, मग आजोबांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, प्रत्येक वेळी आईच घरी थांबली होती, आणि आता पुन्हा काही मागायला तिला तोंड राहिलं नव्हतं. तिने गोळ्या गिळल्या, डोळे पुसले आणि धक्क्यावर उभी राहिली. सर्दी यथावकाश गेली. जाताना वास घेऊन गेली.

घरात कुणाला पत्ता नव्हता. भिंगरीला एवढंच दिसत होतं की आई हल्ली फार उदार झालीय. शर्ट निघेल का? निघेल. डाळ चालेल? चालेल. मोजा? हा घाल. बाबा एकच शर्ट किती दिवस घालत होते कोण जाणे, पण ऑफिसात शेजारच्याने खुर्ची खिडकीकडे नेली, हे त्यांनीच घरी हसत हसत सांगितलं. बिचाऱ्याला उकडत असेल म्हणाले. शाळेत भिंगरीने डबा उघडला तेव्हा बाकावरची मैत्रीण म्हणाली, अगं यात काय मेलंय. भिंगरीने वरवर हसून डबा बंद केला आणि उपाशी राहिली. तरी तिची ट्यूब पेटली नाही. ती पेटली बटाट्यांमुळे.

त्या दिवशी आईला बाजारातून यायला उशीर होणार होता. भिंगरी शाळेतून आली, दार उघडलं आणि वासाने तिला अक्षरशः मागे ढकललं. गटार, मेलेला उंदीर आणि वर कुणीतरी सडकी फळं कुस्करलीत असा तो वास. आत बाबा टीव्हीसमोर. लवकर सुटले होते. आजोबा पेपरातलं शब्दकोडं सोडवत. धाकटा बिस्किटं खात. खात! आणि भिंगरीने नीट पाहिलं तर सोफा नेहमीच्या जागी नव्हता. तो भिंतीला, पार दुसऱ्या टोकाला सरकवलेला होता. आजोबांची खुर्चीही. खिडक्या सताड उघड्या.

ती म्हणाली, कसला वास येतोय हा. बाबा म्हणाले, हो ना, दुपारपासून येतोय, स्वयंपाकघरातून येतोय बहुतेक. मग बघितलं का कुणी, असं तिने विचारलं. तर आजोबांनी कोड्यातून मान वर न करता सांगितलं, "आई येईलच इतक्यात. ती बघेल."

तिघांनी मिळून सोफा ओढला होता. आजोबा डोळ्याचं ऑपरेशन झालेले, तरी त्यांनी खुर्ची उचलली होती. पण चार पावलं स्वयंपाकघरात जाऊन कपाट उघडायचं कुणाला सुचलं नव्हतं. भिंगरीला त्या वासापेक्षा या माणसांची जास्त किळस आली. आपणच जाऊन बघावं असं तिलाही वाटलं, पण ती हट्टाने दारातच उभी राहिली. आज बघायचंच, ही तीन माणसं किती वेळ यात बसू शकतात. तिघंही बसू शकली, हे सांगायला नकोच.

मग आई आली. दोन्ही हातांत पिशव्या. सगळ्यांच्या माना वर झाल्या, आता सुटका होणार म्हणून. आई सरळ स्वयंपाकघरात गेली, पिशव्या ठेवल्या, सिंकपाशी उभी राहिली आणि कांदा चिरायला लागली. भिंगरी मागोमाग आत गेली, ओढणी नाकाला लावून. सिंकखालच्या कपाटातून काळपट पाणी झिरपत आईच्या चपलेपर्यंत आलं होतं. आणि आई शांतपणे कांदा चिरत होती.

भिंगरीने खाली वाकून कपाट उघडलं. बटाट्यांची पिशवी. बटाटे कसले, चिखल झाला होता नुसता, आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. तिला उलटी येता येता राहिली. तिने आईकडे पाहिलं. आईने आधी अळ्या पाहिल्या, मग भिंगरीच्या नाकावरची ओढणी पाहिली, आणि तिचा चेहरा असा उतरला की भिंगरीला सगळं कळलं.

"आई, तुला येत नाहीये का वास?"

आईने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. हळूच म्हणाली, "सर्दी झाली तेव्हापासून. काहीच नाही गं. फिनेलची बाटली नाकाशी धरली तरी नुसती हवा."

"मग तिकडे काय करतेस?"

"तोंडं बघते."

"कुणाची?"

"दूधवाल्यांची. ज्याचं दूध बिघडलेलं असतं ना, मी झाकण उघडताना तो माझ्याकडे बघत नाही. उगाच पुढच्या माणसाशी बोलायला लागतो. मग मी बाजूला काढते."

भिंगरीला हसू आलं, अभिमान वाटला आणि भीतीही वाटली. आई म्हणाली, कुणाला सांगू नकोस, येईल परत. पण हे बोलताना ती भिंगरीकडे बघत नव्हती, नळाकडे बघत होती. बाहेरून बाबांनी विचारलं, सापडलं का गं काही. दोघींनी मिळून ती पिशवी बाहेर नेऊन टाकली. परत येईपर्यंत सोफा आपल्या जागी आला होता.

आता वादविवादात पहिली आलेली मुलगी गप्प बसते होय. भिंगरीने बेत केला. शनिवारी शाळेला सुट्टी होती. आपण आईबरोबर धक्क्यावर जायचं, शेजारी उभं राहायचं, आणि दूध वाईट असलं की खोकायचं. एवढं सोपं. नाही, नको, करत आई शेवटी हो म्हणाली, म्हणजे ती किती घाबरली असेल याचा अंदाज करा. आईच्या ऑफिसात जायचं म्हणून भिंगरीने पहाटे उठून चांगली आंघोळ केली, वेणी घातली, आणि मैत्रिणीने वाढदिवसाला दिलेला पावडरचा डबा उघडून मानेला, गळ्याला, हातांना सढळ हाताने पावडर लावली. पहाटेच्या अंधुक उजेडात आईने तिला आपादमस्तक पाहिलं आणि छान दिसतेस म्हणाली.

धक्क्यावर गारठा होता, फरशी ओली, कॅनचा खडखडाट कानठळ्या बसवत होता. बायका पांढरे ॲप्रन आणि टोप्या घालून आपापल्या रांगेपाशी उभ्या. आईने पहिलं झाकण उचललं, हुंगलं आणि सहज केल्यासारखं भिंगरीच्या नाकाखालून नेलं. भिंगरीने मोठा श्वास घेतला. गरम, ओला, जनावराच्या अंगाचा वास. वाईट म्हणायचा की चांगला? दुसरं झाकण. तसाच वास. तिसरं, तसाच, फक्त आता तिच्या घशाशी आलं होतं. इथे कुठलं दूध आंबलेलं आणि कुठलं ताजं हे ओळखायला बायका वर्षानुवर्षं खपतात हे तिच्या बेतात नव्हतंच. तिला खोकला येईना, हसू येईना. फक्त तोंडाला पाणी सुटलं, उलटीआधी सुटतं तसं. आई तिच्याकडे बघत होती आणि ती वेड्यासारखी मान हलवत होती, माहीत नाही, माहीत नाही.

एवढ्यात शेजारच्या रांगेत गडबड झाली. तिकडची बाई झाकण उलटसुलट करून हुंगत म्हणाली, हे काय, दुधाला फुलांचा वास येतोय. तिच्या पलीकडचीही म्हणाली, माझ्याकडेही. एकेक रांग थांबली. दूधवाले मागून ओरडायला लागले, ऊन चढल्यावर आमचं दूध तुम्ही पिणार का म्हणाले. धक्क्यावरच्या मोठ्या बाई आल्या. त्यांना शोधावं लागलं नाही. त्या सरळ भिंगरीसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि तिच्या पांढऱ्याफटक मानेकडे बघितलं.

भिंगरीला वाटलं आता आपल्याला झापणार. पण मोठ्या बाई तिला काहीच बोलल्या नाहीत. त्या आईकडे वळल्या.

"चौथ्या रांगेतल्या बाईला हा वास आला. तुझ्या हाताच्या अंतरावर पोरगी उभी आहे पावडरने माखून, आणि तुला आला नाही?"

खरं तर आईला काहीही सांगता आलं असतं. लक्ष नव्हतं, गडबडीत होते. भिंगरीने मनात तीन कारणं तयारही केली. आईने हातातलं झाकण खाली ठेवलं आणि म्हणाली, "मला वास येत नाही, बाई. बरेच दिवस झाले."

आईने त्या दिवशी पास केलेले सगळे कॅन दुसऱ्या बायकांनी बाजूला काढून पुन्हा तपासले. त्यातला एक आंबायला लागलेला निघाला. तो कॅन ज्याचा होता तो दूधवाला आईकडे बघून छान मोकळं हसला होता, तब्येत कशी आहे ताई असंही विचारलं होतं. माणसं काय, चेहऱ्यावर नासत नाहीत. मोठ्या बाई फार रागावल्या नाहीत, आणि तेच भिंगरीला जास्त लागलं. नाक परत येईपर्यंत कॅन धुवायला जा, आलं की मला येऊन दाखव, जागा ठेवते, पण या पोरीची सहामाही परीक्षा संपेपर्यंतच, पुढे मला दुसरी बाई घ्यावी लागेल, असं त्यांनी सांगितलं. घरी येताना भिंगरी रडली. आई म्हणाली, रडू नकोस, तू पावडर लावली नसतीस तर तो कॅन टाकीत गेला असता. आणि मग रस्त्याच्या नळावर तिने स्वतःच्या ओढणीने भिंगरीची मान खसखसून पुसली.

संध्याकाळी आईने घरी सांगितलं. भिंगरी दारात उभी राहून तिघांचे चेहरे बघत होती. तिची अपेक्षा होती, निदान कुणीतरी विचारेल, अगं मग तुला जेवणाची चव लागते का, घाबरलीस का, डॉक्टरकडे जायचं का.

बाबा म्हणाले, "म्हणजे इतके दिवस आम्ही काय खात होतो?"

आजोबांनी तोंडातला घास ताटात काढून ठेवला आणि पोटावरून हात फिरवला. बाबांनी शर्टाची बाही उचलून बघितली, पहिल्यांदाच, आणि मग आईकडे अशा नजरेने पाहिलं जसं काही तिनेच रात्री येऊन त्यांच्या काखेत घाम ओतलाय. सांगायला नको होतं का तू, असं म्हणाले. ऑफिसात आमची काय शोभा झाली असेल. धाकटा म्हणाला, ईऽ आई. त्याला काय ई वाटलं ते त्यालाच ठाऊक.

आणि मग ते आलंच. दुपारची पाळी म्हणजे घराचं कसं व्हायचं, याला शाळेतून कोण आणणार, आजोबांचं औषध, माझा चहा. सोड आता, बाबा म्हणाले. या वेळी गोड नव्हते. आई म्हणाली, सहामाहीपर्यंत थांबा. आणि नाही आलं नाक तर? आईने ताटं गोळा केली. बाबा म्हणाले, मग ठरलं, तोपर्यंत.

घरची तऱ्हा आता विचारू नका. आई दुपारी जायची, रात्री सोड्याने लाल झालेले हात घेऊन परतायची. बादलीत कपडे आंबायचे, फ्रीजमध्ये वाट्यांवर वाट्या चढायच्या, आणि धाकट्याला शाळेतून आणायला गेलेले आजोबा एकदा दुसऱ्याच वर्गाच्या रांगेसमोर उभे राहिले. पण खरी किळस पुढेच होती. एका सकाळी आई रात्रीपर्यंत चाललेल्या पाळीने थकून झोपली होती. भिंगरी ओट्याशी उभी राहून स्वतःचा डबा भरत होती. मागे पावलं वाजली. तिने वळून पाहिलं.

बाबा, शर्ट घेऊन. त्यांच्या मागे आजोबा, वाटी घेऊन. त्यांच्या मागे धाकटा. रांग लागली होती.

बाबांनी शर्टाची काख तिच्या नाकासमोर धरली. "भिंगरे, जरा हुंगून बघ गं."

भिंगरीच्या डोक्यात काय झालं ते सांगता येत नाही. तिला एकदम दिसलं की हे असंच चालतं. एक नाक बंद पडलं की दुसरं काढायचं, बल्ब बदलावा तसं. आणि या बल्बला दोन वेण्या असल्या म्हणजे झालं. तिने डब्याचं झाकण लावलं.

"बाबा, तुमची काख तुमच्या नाकापासून वीतभर लांब आहे. माझ्या नाकासाठी तुम्हाला अख्खं घर ओलांडून यावं लागलं."

बाबा म्हणाले, हे काय बोलणं झालं. आजोबा म्हणाले, शाळेत हेच शिकवतात वाटतं. मुलीने घरात एवढं केलं तर काय झिजते का. भिंगरी म्हणाली, झिजत नाही म्हणूनच धाकट्याला शिकवा, त्याचं तर अगदी नवंकोरं आहे. "आणि मी दिलेल्या निकालावर जाल ऑफिसात? मला तर कुठल्याच दुधाचा वास कळला नाही."

कुणी हलेना. तीही हलली नाही. वादविवादात एक कळलेलं असतं, की आपलं बोलून झाल्यावर गप्प राहायचं. शेवटी बाबांनी, घड्याळाकडे बघत, रागारागात तो शर्ट स्वतःच्या नाकाला लावला. त्यांचं डोकं झटक्यात मागे गेलं. डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते स्वतःला भेटत होते आणि ओळख काही आनंदाची नव्हती. आजोबांनी ते पाहिलं आणि डाळ मुकाट्याने सिंकमध्ये ओतली, न हुंगताच. सिंक तुंबलं, ते वेगळं.

सहामाही जवळ येत होती. आई रोज सकाळी कॉफीची बरणी उघडून नाक आत घालायची. भिंगरी विचारायची नाही. आईच्या खांद्यांवरूनच कळायचं. पेपर सुरू झाले. भूगोलाच्या दिवशी तर भिंगरीला नकाशात नद्यांऐवजी बटाट्यांचं काळं पाणी दिसत होतं.

शेवटच्या पेपरच्या आदल्या सकाळी ती जमिनीवर पसरून पाठ करत बसली होती. आई आतून केस बांधत आली, खोलीच्या मधोमध आली आणि थांबली. मांजर थांबतं तशी. तिच्या नाकपुड्या फुलल्या. तिने हळूहळू मान वळवून धाकट्याच्या पलंगामागच्या कोपऱ्याकडे पाहिलं. धाकट्याने रात्री गादी ओली केली होती आणि चड्डी गोळा करून तिथे कोंबली होती, हे नंतर कळलं. आईने तोंडावर हात धरला. तिच्या डोळ्यांत जे होतं ते भिंगरीने आधी कधी पाहिलं नव्हतं. जगात आजवर कुणी मुताच्या वासाने एवढं आनंदलं नसेल.

"आई..."

आईने ओठांवर बोट ठेवलं. आतल्या खोलीतून बाबांच्या घोरण्याचा आवाज येत होता. आई कोपऱ्याकडे गेली नाही. तिने चड्डी उचलली नाही. पिशवी उचलली आणि पाळीच्या कितीतरी आधी डेअरीत निघून गेली. मोठ्या बाईंनी तिच्यासमोर दुधाचे पेले मांडले आणि तिने आंबायला नुकतं लागलेलं, अजून कुणालाच कळणार नाही असं, बरोबर बाजूला काढलं. हे तिने रात्री आणायला आलेल्या भिंगरीला बसथांब्यावर सांगितलं, घरी नाही.

घरी तिने एवढंच सांगितलं, की सोमवारपासून पुन्हा सकाळी धक्क्यावर. सगळे जेवायला बसले होते. बाबा म्हणाले, वा, बरं झालं, म्हणजे आता चहा वेळेवर. आजोबांना औषधाची काळजी मिटल्याचं बरं वाटलं.

भिंगरी घास हातात धरून थांबली. आता विचारतील. धक्क्यावर नाक लागतं, मग तुझं नाक आलं का परत. एवढा साधा प्रश्न. किती वर्षं ही बाई रोज सकाळी जाते, तिथे काय करते हे यांच्यापैकी एकाला तरी माहीत असेल. ती बाबांकडे बघत राहिली, मग आजोबांकडे.

कुणी विचारलं नाही. बाबांनी भात मागून घेतला. मग नाक आक्रसून इकडेतिकडे पाहत म्हणाले, पलंगाकडून कसला तरी घाण वास येतोय, पण तुला सांगून काय उपयोग म्हणा, तुला कुठे कळणार. आई म्हणाली, नाही ना, आणि पाणी प्यायली. शेवटी बाबाच उठले, पलंग ओढला, आणि दोन बोटांत ती चड्डी धरून, चेहरा वाकडा करत, न्हाणीघराकडे गेले.

आई त्यांच्याकडे बघत नव्हती. ती खूप हळू जेवत होती, प्रत्येक घास तोंडाजवळ नेऊन जरा थांबत. भिंगरीला हसू येत होतं आणि त्याच वेळी रागही येत होता. स्वतःच्या घरात, स्वतःच्या माणसांत, या बाईला स्वतःचं नाक चोरीच्या मालासारखं लपवून ठेवावं लागत होतं. लपवलं नाही तर उद्या सकाळी ओट्याशी रांग लागेल, हे पक्कं.

भिंगरी उठली. आपलं ताट उचललं, धुतलं, पालथं घातलं. बाकीची ताटं तशीच ठेवली. आजोबांनी हाक मारली, अगं ही पण घे. तिने हात पुसले आणि ऐकूच आलं नाही असं केलं.